इंजिनाचा जाम बोल्ट न तोडता कसा सोडवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाच बोल्ट सरळ निघतात आणि सहावा हलत नाही. इंजिनावर स्वतः काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हा सहावा बोल्ट येतोच. तो सुटला तर पाच मिनिटांचं काम असतं. तुटला तर दिवस जातो, आणि कधीकधी अख्खं हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवावं लागतं. म्हणून खालची सगळी उत्तरं एकाच गोष्टीभोवती फिरतात: जोर वाढवण्याआधी बोल्ट कशामुळे अडलाय ते ओळखा, आणि हाताला काय जाणवतंय त्याकडे लक्ष द्या.

बोल्ट जाम होतो म्हणजे नेमकं काय होतं?

कारणं वेगवेगळी असतात, आणि कारणावर उपाय ठरतो.

सगळ्यात सामान्य कारण म्हणजे गंज. लोखंड गंजलं की मूळ धातूपेक्षा दुप्पट ते सहापट जागा व्यापतं. आट्यांमध्ये आधीच फट जेमतेम असते, तिथे हा फुगलेला गंज पाचर ठोकल्यासारखा बसतो.

दुसरं कारण म्हणजे दोन वेगळे धातू. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये किंवा वॉटर पंपाच्या कव्हरमध्ये पोलादी बोल्ट असतो. ओलावा आला की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी पूड तयार होते. बोल्टाच्या डोक्याभोवती चुन्यासारखा पांढरा थर दिसला तर हेच झालंय असं समजा. हा थर लाल गंजापेक्षा जास्त चिवट असतो, आणि त्यात तेल मुरायलाही जास्त वेळ लागतो.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरमधला जळका धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या) नटांची गोष्ट आणखी वेगळी. ते हजारो वेळा तापतात आणि थंड होतात. धातूचा पृष्ठभाग जळून पापुद्रे धरतो, स्टड, म्हणजे डोकं नसलेला आट्यांचा दांडा, ताणला जातो आणि बारीकही होतो. तिथे तुटण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

याशिवाय कुणीतरी आधी गरजेपेक्षा जास्त आवळलेला असतो, आटे वाकडे चढवलेले असतात, किंवा आट्यांना लॉक करणारं रसायन लावलेलं असतं.

सुरुवात करण्याआधी काय तयारी हवी?

डोळ्यांवर गॉगल. हे पहिलं, कारण गंजाचा कण किंवा हातोडीखाली उडालेला तुकडा डोळ्यात गेला तर बाकी कशालाच अर्थ उरत नाही. जाड हातमोजे घाला. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. बॅटरीची ऋण बाजूची तार सोडा, विशेषतः स्टार्टर किंवा अल्टरनेटरच्या जवळ काम असेल तर. पाना एकाच वेळी धन टर्मिनलला आणि इंजिनाच्या धातूला टेकला तर क्षणात लालबुंद होतो.

गाडीखाली जायचं असेल तर फक्त जॅकवर विसंबू नका. सपाट, कठीण जमीन, चाकांना अडण्या आणि वजन पेलणारे स्टँड हवेतच. जाम बोल्टाला हिसका देताना गाडी हलते, आणि जॅक नेमका तेव्हाच सटकतो. स्टँड लावल्यावर गाडीला बाजूने जोरात हलवून बघा आणि मगच खाली जा.

इंजिन गरम असेल तर रेडिएटरचं झाकण उघडू नका आणि एक्झॉस्टला हात लावू नका.

डावीकडे फिरवायचं हे नक्की का? उलट आटे असू शकतात का?

बोल्टाच्या डोक्याकडे तोंड करून घड्याळाच्या उलट दिशेने. बहुतेक सगळीकडे हेच. पण इंजिनाखाली आडवं पडून, वर बघत, हात वळवून काम करताना दिशा चुकणं फार सोपं आहे. मनातल्या मनात डोक्यासमोर जाऊन उभं राहा आणि मग दिशा ठरवा. कितीतरी "जाम" बोल्ट खरं तर उलट्या दिशेने आवळले जात असतात.

उलट आटे क्वचित सापडतात. काही गाड्यांच्या रेडिएटर पंख्याचा हब, काही पुलींचे बोल्ट अशा फिरत्या भागांवर ते असतात. फिरत्या भागाचा बोल्ट असेल तर त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल आधी बघा.

कोणता पाना वापरावा?

सहा कोनांचं सॉकेट, बरोबर मापाचं. बारा कोनांचं सॉकेट किंवा रिंग पाना रोजच्या कामाला सोयीचा असतो, पण तो बोल्टाला कोपऱ्यांच्या टोकाशी धरतो, आणि जोर वाढला की टोकं गोल होतात. सहा कोनांचं सॉकेट सपाट बाजूंवर बसतं. तोंड उघडा असलेला फिक्स पाना जाम बोल्टाला लावूच नका. त्याचे जबडे फाकतात आणि पहिल्याच हिसक्यात बोल्टाचं डोकं बिघडतं.

सॉकेट बसवण्याआधी तारेच्या ब्रशने डोकं घासून साफ करा. गंजाचा थर असेल तर सॉकेट अर्धंच बसतं आणि आपल्याला वाटतं पूर्ण बसलंय. ॲलन (सहा कोनी खाच) किंवा टॉर्क्सचं (ताऱ्यासारखी खाच) डोकं असेल तर खाचेतली घाण टोकदार सुईने उकरून काढा आणि बिट हातोडीने हलकं ठोकून तळापर्यंत बसवा. कितीतरी ॲलन बोल्ट खाचेतल्या चिखलामुळे स्लिप होतात.

जोर लावायला रॅचेट वापरू नका. तिच्या आतले दाते जाम बोल्ट सोडवायला बनवलेले नसतात. त्यासाठी लांब, सरळ दांड्याचा ब्रेकर बार असतो.

तेल कोणतं, आणि किती वेळ मुरू द्यायचं?

गंज सोडवण्यासाठीच बनवलेलं पातळ पेनिट्रेटिंग ऑइल घ्या. घरोघरी असलेला डब्ल्यूडी-४० चा साधा निळा-पिवळा डबा मुळात पाणी हटवण्यासाठी बनवला होता. नावातली अक्षरंही तेच सांगतात. हलक्या गंजाला तो चालतो, हट्टी गंजाला पेनिट्रंट म्हणून मिळणारं वेगळं तेल जास्त चांगलं.

पण ब्रँडपेक्षा वेळ महत्त्वाचा आहे, हे मी अगदी ठासून सांगेन. फवारलं आणि लगेच पाना लावला तर तेल फक्त बाहेरून ओलं झालेलं असतं. अर्धा तास ही कमीत कमी मर्यादा. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी लावा, झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा, सकाळी पुन्हा. दोन-तीन दिवस आधीपासून रोज लावता आलं तर उत्तम. प्रत्येक वेळी लावल्यावर डोक्यावर हातोडीने हलक्या टपल्या मारा, म्हणजे बारीक फटी उघडतात आणि तेल आत ओढलं जातं.

तेल कुठे लावायचं याबद्दलही लोक चुकतात. आट्यांवर लावतात, आणि डोक्याखालची जागा विसरतात. बोल्ट फिरवताना लागणाऱ्या जोरातला साधारण निम्मा जोर एकट्या डोक्याखालच्या घर्षणात जातो. आट्यांचा वाटा त्याहून थोडा कमी असतो. म्हणून वॉशरच्या किंवा कॉलरच्या कडेनेही तेल सोडा. आरपार भोक असेल तर मागच्या टोकाकडूनही सोडा.

ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल मिसळून घरगुती मिश्रण करणारेही आहेत. ते मुरतं चांगलं, पण भयंकर पेट घेतं. गॅसची ज्योत वापरायची असेल त्या कामात ते जवळपास नको. आणि कोणतंही तेल ब्रेकच्या डिस्कवर किंवा रबरी बेल्टवर उडू देऊ नका.

हातोडीने ठोकावं का?

हो. माझ्या अनुभवात तेलानंतरचा सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि सगळ्यात गुणकारी उपाय हाच आहे. बोल्टाच्या डोक्यावर पितळी दांडी किंवा बोथट पंच उभा धरा आणि सरळ अक्षात चार-पाच नेमके ठोके द्या. धक्क्याने आट्यांमधला गंज भुगा होतो. तिरकं ठोकू नका. ॲल्युमिनियमच्या पातळ कव्हरवर, सेन्सरवर किंवा सिरॅमिक असलेल्या स्पार्क प्लगवर तर मुळीच नाही. स्टडवर नट असेल तर नटाच्या एका सपाट बाजूवर ठोका आणि समोरच्या बाजूला जड लोखंड आधाराला धरा.

स्क्रूसारख्या चौफुलीच्या डोक्यांसाठी हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळतो. ठोका आणि फिरकी एकाच क्षणी बसते, त्यामुळे बिट खाचेतून उसळत नाही.

पान्याला पाईप घालून जोर लावला तर?

लांबी दुप्पट केली की तेवढ्याच रेट्याने दुप्पट पीळ बसतो. हीच सोय आहे आणि हाच धोकाही.

थोडं गणित करून बघा. ६० सेंटिमीटरच्या बारच्या टोकाला २० किलोचा रेटा दिला तर सुमारे १२० न्यूटन-मीटर पीळ बसतो. १० मिलिमीटर पान्याचा बोल्ट म्हणजे बहुधा एम६, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीच्या आट्यांचा. तो मुळात १० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळलेला असतो आणि साधारण पंधराच्या पुढे त्याचं काही खरं नाही. म्हणजे त्याच बारवर तीन किलोचा रेटाही त्याला तोडायला पुरेसा. लांब बारने इतका हलका रेटा हाताला जाणवतच नाही. म्हणून छोट्या बोल्टाला लांब पाईप कधीही नको. चाकाचे नट, सस्पेन्शनचे बोल्ट, क्रँक पुली यांना पाईप ठीक आहे.

पाईप लावलाच तर स्वतःकडे ओढा, ढकलू नका. ढकलताना पाना सटकला की बोटांची हाडं इंजिनावर आपटतात. ढकलण्यावाचून मार्गच नसेल तर मूठ आवळू नका, तळहात उघडा ठेवून ढकला. पाय नीट रोवून उभे राहा आणि बोल्ट अचानक सुटला तर आपण कुठे पडू, ते आधी बघून ठेवा.

बोल्ट सुटतोय की तुटतोय हे हाताला कसं कळतं?

मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटणारा प्रश्न हाच, कारण पुस्तकात तो सापडत नाही.

जोर हळूहळू वाढवत न्या. निरोगी बोल्ट सुटताना "टक्" असा कोरडा, तीक्ष्ण आवाज येतो आणि पाना एकदम थोडासा फिरतो. तो गंजाचा सांधा मोडल्याचा आवाज. ऐकला की लगेच थांबा, तेल सोडा आणि मग पुढे जा.

तुटणारा बोल्ट असा आवाज करत नाही. पाना फिरतो, पण मऊ. ओली दोरी पिळल्यासारखं जाणवतं. जोर सोडला की पाना थोडा मागे येतो. डोकं फिरतंय आणि आटे जागच्या जागी आहेत, मधला दांडा पिळवटतोय. ही मऊ जाणीव आली त्या क्षणी हात थांबवा. आणखी पाव फेरा दिला तर बोल्ट हातात येईल, अर्धा.

माझ्या हातून थर्मोस्टॅटच्या झाकणाचा एक बोल्ट असाच तुटला. मऊ लागत होता हे मला जाणवलं होतं. तरी मी मनाला समजावलं की सुटायला लागलाय. पुढचे दोन दिवस मी ते उरलेलं टोक ड्रिलने काढत बसलो. तेव्हापासून हात मऊ लागला की मी पाना खाली ठेवतो, कितीही घाई असली तरी.

मग काय करायचं? उलट फिरवा. म्हणजे थोडं आवळा, अगदी सुईइतकं. मग सोडा. पुन्हा आवळा, पुन्हा सोडा. प्रत्येक वेळी जरासा जास्त फिरतो. मध्ये मध्ये तेल टाकत राहा. थोड्या वेळाने डोक्याखालून विटकरी रंगाचं पातळ तेल बाहेर पाझरायला लागतं. ते दिसलं की समजायचं, आतला गंज दळला जातोय आणि बाहेर येतोय. आता घाई केली नाही तर बोल्ट निघणार. सुटल्यावरही सलग फिरवू नका. दोन फेरे पुढे, एक मागे, असं करत काढा. एकदम ओढला तर सुटलेला गंज पुढच्या आट्यात अडकून बोल्ट वाटेत पुन्हा जाम होतो.

तापवायचं असेल तर काय काळजी घ्यायची?

तापवणं हा फार प्रभावी उपाय आहे आणि सगळ्यात धोक्याचाही, म्हणून जरा सविस्तर.

तत्त्व असं: बाहेरचा भाग तापवा, आतला शक्य तितका थंड ठेवा. नट तापवला की तो फुलतो आणि स्टडवरची पकड सैल होते. ॲल्युमिनियमच्या कास्टिंगमध्ये पोलादी बोल्ट असेल तर आणखी फायदा, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ८ मिलिमीटरच्या बोल्टाभोवती १०० अंश सेल्सिअस तापमान वाढलं तर सुमारे ०.००९ मिलिमीटर फरक पडतो. दिसायला नगण्य, पण आट्यांसाठी पुष्कळ.

ॲल्युमिनियमसाठी हॉट एअर गन वापरा, ज्योत नको. पोलाद तापून लाल होतं आणि आपल्याला इशारा देतं. ॲल्युमिनियम रंग बदलत नाही. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांच्या आसपास वितळतं, इंजिनातले मिश्रधातू त्याच्याही आधी, आणि मजबुती तर कितीतरी आधीच जाते. डोळ्यांना काहीच कळत नाही आणि अचानक कोपरा खाली ओघळतो.

एक्झॉस्टच्या पोलादी नटाला मात्र गॅसची ज्योत चालते. नट मंद लाल होईपर्यंत तापवा, थोडं थांबा आणि सोडवा. निवताना स्टडजवळ मेणबत्तीचं मेण टेकवलं तर ते वितळून आट्यांत शोषलं जातं. हा जुना उपाय आहे आणि खरंच चालतो. इंडक्शन हीटर मिळाला तर सगळ्यात चांगलं. ज्योत नाही, आणि नटाभोवती धरलेलं त्याचं वेटोळं फक्त नटालाच तापवतं.

ज्योत पेटवण्याआधी आजूबाजूला नीट बघा: इंधनाची नळी, ब्रेकची नळी, वायरिंग, प्लास्टिक, ऑइल सील, रबर. हलवता येण्यासारखं सगळं हलवा, बाकीच्यावर ओलं जाड कापड टाका. फवारलेलं पेनिट्रेटिंग ऑइल पुसून, उडून जाऊ द्या. अग्निशामक हाताशी ठेवा, दोन पावलं लांब नव्हे. बंदिस्त जागेत काम करू नका.

एक गोष्ट तर जीवावर बेतू शकते. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरिनयुक्त द्रावक असतात. ते ज्योतीत किंवा वेल्डिंगच्या ठिणगीत तापले तर फॉसजीन हा अतिविषारी वायू तयार होतो. ज्या जागी तापवायचंय तिथे ब्रेक क्लीनर मारलाच असेल तर पूर्ण सुकल्याशिवाय, हवा खेळल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याहून चांगलं म्हणजे तिथे तो मारूच नका. जस्ताचा मुलामा असलेल्या बोल्टाचा धूरही श्वासात घेऊ नका. शॉक ॲबसॉर्बर, एअरबॅग, इंधनाची टाकी यांच्या आसपास ज्योत अजिबात नाही.

इंजिन गरम असताना सोडवावं की थंड?

स्पार्क प्लग ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये असेल तर साधारणपणे थंड. गरम ॲल्युमिनियमचे आटे मऊ असतात आणि प्लगसोबत ओढले जातात. थंडपणी अजिबात हलत नसेल तर इंजिन थोडं कोमट करून, तेल मुरवून, मागे-पुढे करत काढा. प्लगच्या विहिरीतली धूळ आधी हवेने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते.

ऑक्सिजन सेन्सर मात्र एक्झॉस्ट कोमट असताना जास्त सहज निघतो. त्याची वायर जाण्यासाठी फट असलेलं २२ मिलिमीटरचं खास सॉकेट येतं.

डिझेलचे ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे प्लग, सगळ्यात नाजूक. कार्बनने आतून चिकटलेले असतात आणि बारीक असल्यामुळे पटकन तुटतात. इंजिन पूर्ण गरम करा आणि मॅन्युअलमध्ये दिलेली सोडवण्याची कमाल मर्यादा टॉर्क रेंचवर (पीळ, म्हणजे टॉर्क, मोजणाऱ्या पान्यावर) लावा. त्या मर्यादेपर्यंत हलला नाही तर थांबा, तेल सोडा, पुन्हा गरम करा. इथे अंदाजावर काम करू नका.

इम्पॅक्ट रेंच चालेल का?

मोठ्या बोल्टाला चालेल, आणि लांब बारपेक्षा बऱ्याचदा चांगला. छोटे छोटे धक्के गंज सैल करतात आणि दांडा सलग पिळला जात नाही. सुरुवात कमी ताकदीवर करा. एम६, एम८ च्या बोल्टांना, आणि प्लास्टिक किंवा पातळ ॲल्युमिनियमवर तो नको. सॉकेट काळं, इम्पॅक्टसाठी बनवलेलं हवं. चकचकीत क्रोमचं सॉकेट धक्क्याने फुटून तुकडे उडतात.

लॉक करणारं रसायन लावलेलं असेल तर?

निळं असेल तर साध्या हत्यारांनी निघतं. लाल असेल तर जवळपास २५० अंशांपर्यंत बोल्ट तापवावा लागतो, मग ते मऊ पडतं आणि गरम असतानाच काढायचं. तेल इथे काही करत नाही. काढलेल्या बोल्टाच्या आट्यांवर रंगीत पापुद्रा दिसला तर शेजारच्या बोल्टांनाही तेच लावलंय असं गृहीत धरा.

क्रँक पुलीचा बोल्ट स्टार्टर मारून सोडवतात, तसं करू का?

नका करू. बार चेसिसला टेकवून स्टार्टर मारणारे खूप आहेत, पण बार सटकला तर तो रेडिएटर, हात किंवा चेहरा काहीही फोडू शकतो. पुली धरायचं हत्यार मिळतं, ते वापरा. टायमिंग बेल्ट किंवा चेनला अडकवून इंजिन धरण्याचा विचारही करू नका. एक दात सरकला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतात.

सिलिंडर हेडचे बोल्ट?

इंजिन पूर्ण थंड असताना, मॅन्युअलमधल्या क्रमाने, बहुधा बाहेरून आत, प्रत्येक बोल्ट थोडा थोडा सैल करत. एक पूर्ण काढून दुसऱ्याकडे गेलात तर हेड वाकतं. बऱ्याच आधुनिक इंजिनांत हे बोल्ट आवळताना कायमचे ताणले जातात. ते पुन्हा वापरायचे नसतात, नवे आणायचे.

डोकं गोल झालं, आता?

पुन्हा तेच सॉकेट लावून बघण्याचा मोह टाळा, प्रत्येक प्रयत्नात डोकं आणखी बिघडतं. जरा लहान मापाचं सहा कोनी सॉकेट हातोडीने ठोकून बसवा. नाही जमलं तर आतून उलट्या नागमोडी धारा असलेलं एक्स्ट्रॅक्टर सॉकेट ठोका. ते जितकं फिरेल तितकं डोक्यात रुतत जातं. डोकं बाहेर असेल आणि जागा असेल तर कानसीने दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून लॉकिंग पक्कड करकचून आवळा. नट असेल तर नट-स्प्लिटरने फोडा, पण स्टडच्या आट्यांना धार लागणार नाही हे बघा.

वेल्डिंग येत असेल तर डोक्यावर नवा नट वेल्ड करणं माझ्या मते सगळ्यात खात्रीचं. नवं डोकं मिळतंच, शिवाय वेल्डिंगची उष्णता गंजही सोडवते. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा सोडा आणि अर्थिंग अगदी जवळ लावा, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरला धक्का बसणार नाही.

तुटलाच तर?

आधी हत्यार खाली ठेवा. घाईत केलेली पुढची चूकच खरं नुकसान करते.

टोक बाहेर असेल तर लॉकिंग पक्कड किंवा नट वेल्ड करणं, वर सांगितल्याप्रमाणे. आत तुटला असेल तर तोंड सपाट करा आणि बरोबर मध्यभागी सेंटर पंच मारा. या एका ठोक्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. पंच मध्यापासून सरकला तर ड्रिल मऊ ॲल्युमिनियमकडे धावतं आणि आटे खातं. मग उलट दिशेने कापणारं डाव्या हाताचं ड्रिल वापरा, ३ मिलिमीटरपासून सुरू करून टप्प्याटप्प्याने मोठं. पुष्कळदा ड्रिलच्या उलट फिरण्यानेच तुकडा बाहेर येतो.

स्क्रू एक्स्ट्रॅक्टर शेवटचा, आणि हलक्या हाताने. तो फार कठीण पोलादाचा असतो. आत तुटला तर साधं ड्रिल त्याला कापत नाही आणि काम कार्बाइडच्या बिटपर्यंत किंवा मशीन शॉपपर्यंत जातं.

आटे गेले तर?

पूर्ण भोक मोठं करून जाड बोल्ट घालण्याऐवजी हेलिकॉइलसारखं तारेचं इन्सर्ट बसवा. मूळ मापाचा बोल्ट परत वापरता येतो आणि ॲल्युमिनियममध्ये ते मूळ आट्यांपेक्षा मजबूत ठरतं. इन्सर्टच्या किटमध्ये दिलेलंच ड्रिल आणि टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) घ्या. आटे फक्त साफ करायचे असतील तर त्याच मापाचा टॅप तेल लावून हाताने फिरवा, अडला की मागे घ्या. कोऱ्या भोकात साधे आटे पाडायचे असतील तर ड्रिलची मापं अशी: एम६ ला ५, एम८ (१.२५ पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) ला ६.८, एम१० (१.५ पिच) ला ८.५ मिलिमीटर.

परत बसवताना काय करायचं म्हणजे पुढच्या वेळी जाम होणार नाही?

भोक आणि आटे तारेच्या ब्रशने आणि हवेने स्वच्छ करा. तळ बंद असलेल्या भोकात तेल किंवा कूलंट राहू देऊ नका. बोल्ट आवळताना ते दाबलं जातं, बाहेर यायला जागा नसते आणि त्या दाबाने कास्टिंग तडकू शकतं.

एक्झॉस्टच्या नटांना तांब्याची किंवा निकेलची अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारी पेस्ट) लावा, पातळ थर, फक्त आट्यांवर. ती लावली की घर्षण कमी होतं, त्यामुळे कोरड्या बोल्टासाठी दिलेला टॉर्क तसाच मारला तर बोल्ट जास्त ताणला जातो. मॅन्युअलमध्ये तेल किंवा अँटी-सीझसाठी वेगळा आकडा असेल तर तोच घ्या. स्पार्क प्लगच्या आट्यांना मुलामा असतो, तिथे बहुतेक उत्पादक काही लावू नका असंच सांगतात.

पहिले काही फेरे नेहमी बोटांनी फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर आटे वाकडे बसलेत. काढा आणि पुन्हा लावा.

कधी थांबून दुसऱ्याला बोलवावं?

तेल, ठोके, उष्णता आणि मागे-पुढे हे सगळं दोनदा करूनही बोल्ट हलला नसेल आणि तो हेड, ब्लॉक किंवा ग्लो प्लगसारख्या जागी असेल, तर तो तुटण्याआधी थांबा. जवळच इंधनाची नळी असेल आणि तापवण्यावाचून पर्याय नसेल, तेव्हाही थांबा. मेकॅनिककडे जाताना बोल्टाला तेल लावून ठेवा आणि आत्तापर्यंत काय काय केलंय ते सगळं सांगा: कोणतं तेल, किती तापवला, हाताला मऊ लागला की कडक. आणि तिथे ब्रेक क्लीनर मारला असेल तर ते सगळ्यात आधी सांगा, म्हणजे तो गॅस पेटवण्यापूर्वी जागा सुकवून घेईल.